बारकीचा ड्रेस मीच शिवणार

२ जानेवारी, सकाळ
बारकीचं लग्न ठरलं. बालवाडीपासूनची मैत्रीण, बातमी आधी मला कळायला हवी होती. आधी ऑफिसवालीला कळली. ऑफिसवाली म्हणजे बारकीच्या शेजारच्या टेबलावर बसते ती. मला अजिबात राग नाही.

निश्चय : लग्नाचा ड्रेस मीच शिवणार. तयार ड्रेस म्हणजे मैत्रीचा जाहीर अपमान! बारकीच्या घरी उभं राहून ठणकावून सांगितलं. तिची आई म्हणाली, आधी बस, चहा गार होतोय. विरोध कोणीच केला नाही.

५ जानेवारी
कापड आणलं. बारकीचं माप घेण्याची गरजच नाही. शाळेत आम्ही एकमेकींचे कपडे घालायचो. माझं माप तेच तिचं. टेपने माझ्या कमरेला भलताच आकडा दाखवला. जुना टेप, आटलेला. नवा आणला. तोही आटलेलाच निघाला. हल्ली मालात दम नाही.

९ जानेवारी
ऑफिसवालीचा फोन. म्हणे, ताई, एकदा ट्रायल घ्यायला हवी ना? ताई! मी म्हटलं, मैत्रिणीचं माप पाठ नसतं त्यांना ट्रायल लागते. गप्प झाली. सत्यापुढे माणसं गप्पच होतात.

१६ जानेवारी, दुपार
बाही उलटी लागली. मशीनचा दोष. उसवली. पुन्हा उलटीच. आई म्हणाली, बाई गं, शिंप्याकडे दे. आईचा माझ्यावर गाढ विश्वास आहे, पण ती तो लपवते.

२० जानेवारी
भाषण लिहायला घेतलं. विषय : स्त्रियांची मैत्री आणि इतिहासाने केलेला अन्याय. नवरदेव उत्तरार्धात येतो, ओघात. बोलणार बारकीच्या शेजारी उभी राहून. ती जागा माझी! ऑफिसवालीने खुर्च्या लावाव्यात.

२७ जानेवारी
ड्रेस तयार. घालून पाहिला. जणू माझ्या अंगावरच बेतलाय! माप बरोबर असल्याचा आणखी काय पुरावा हवा?
बारकीचा फोन : ऑफिसवालीने एक ड्रेस भाड्याने आणून ठेवलाय, असू दे म्हणून. मी दुखावले नाही. जेवले नाही, पण ते वेगळं.

१ फेब्रुवारी, लग्नाची सकाळ
बारकी ड्रेसमध्ये शिरली आणि दिसेनाशीच झाली. मी म्हटलं, लग्नाच्या दगदगीत रोडावलीस गं. ती म्हणाली, अगं मूर्खे, मी शाळेपासून एवढीच आहे, मला बारकी का म्हणतात मग?

ऑफिसवाली भाड्याचा ड्रेस घेऊन दारात उभी. मला शब्द सुचेना. मला!

बारकी तिला म्हणाली, तो ठेव. हिने शिवलाय, हाच घालणार.

ऑफिसवालीने पर्समधून सेफ्टी पिना काढल्या. पुरल्या नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पिनांना न पुरलेलं ड्रेसचं कापड मी मागून मुठीत धरलं. समारंभ संपेपर्यंत. बारकी ओठ न हलवता एकच सांगत होती : सोडलंस तर बघ! माइकपर्यंत जाता येईना. भाषण ऑफिसवालीने वाचलं, फक्त शेवटचा परिच्छेद. लोकांच्या डोळ्यांत पाणी. तो परिच्छेद माझा होता, हे इथे नोंदवून ठेवते.

मूठ अजून उघडत नाही. सोडलं मात्र नाही.

३ फेब्रुवारी
फोटो आले. बारकीच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला ऑफिसवाली. पण मी प्रत्येक फोटोत आहे. नीट पाहिलं तर दिसते.
डावं कोपर.