तेर्वाचा आवाज

थंडर बे,
१२ एप्रिल

प्रिय हेल्वी,

तुला आणि रेयोला खूप माया. तुमच्या सडबरीत बर्फ वितळलं का? इथे अंगणातला शेवटचा ढीग अजून हटून बसलाय. रस्त्यावर मीठ, मिठाखाली चिखल आणि चिखलात मी.

तुझं ईस्टरचं कार्ड मिळालं. रेयोची गाठ साधी निघाली हे वाचलं आणि मी टेबलाला धरून खाली बसले. देव पावला. कार्डाच्या खालच्या दोन ओळींबद्दल सवडीने लिहीन. आज नाही. आज डोक्यात एकच विषय आहे, तो म्हणजे तेर्वा.

तेर्वाचा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे गेलाच म्हण. एइनो गेला, मी विधवा एकटी पडले, म्हणून कोटाच्या आत लपवून तू ते कुत्र्याचं पिल्लू माझ्याकडे आणलंस, तेव्हा मुठीएवढा डांबराचा गोळा होता, म्हणून तर 'तेर्वा', डांबर, हे नाव, पण आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आता तोच तेर्वा तोंड उघडतो, मान वर करतो, आणि बाहेर काय येतं? फुस्स! सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखं. गेल्या हिवाळ्यापासून हे हळूहळू वाढत गेलं. मी गरम रश्श्यात मध घालून देते. गळ्यातला पट्टा काढून टाकला आणि छातीवरून जाणारा आणला, उगाच नरड्यावर दाब नको. फिरून आलो की पंजे कोमट पाण्याने धुते, मीठ चाटून घसा आणखी बिघडायचा. बाकी तब्येत ठणठणीत आहे. खातो, पितो, माझ्या पायात पाय अडकवतो. हल्ली तर माझी पाठच सोडत नाही. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून परत स्वयंपाकघरात, कपड्याला दात लावून ओढतो. म्हातारपणी चिकटपणा वाढतो म्हणतात, कुत्र्यांचासुद्धा.

आणि आता ऐक गंमत. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात नवीन माणूस राहायला आलाय, रोको झानाट्टा. बेकरीत कामाला आहे, पहाटे जातो आणि दुपारी झोपतो. मिशी एवढी दाट की बोलतो ते सगळं मिशीतच अडकतं. परवा कुंपणापाशी येऊन हातवारे करायला लागला. काय म्हणाला असेल? तर म्हणे, माझा कुत्रा दुपारभर भुंकतो!

मी म्हटलं, "कोणाचा कुत्रा?"

"तुमचा! हा काळा!"

"अहो, त्याचा आवाज बसलाय बिचाऱ्याचा."

त्याने कपाळाला हात लावला, इटालियनमध्ये काहीतरी पुटपुटला आणि गेला. मला वाटलं, मिटलं. तर चार दिवसांनी नगरपालिकेचा माणूस दारात! बरं, तोही तोंडातल्या तोंडात बोलणारा. हल्ली सगळे असेच बोलतात, जीभ वापरायचे पैसे पडतात जणू. त्याने मला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे कळलं: तक्रार आली आहे, भुंकणं थांबलं नाही तर दंड होईल, आणि तरीही थांबलं नाही तर कुत्रा घरात ठेवता येणार नाही.

हेल्वी, मुक्या जीवावर भुंकल्याचा आळ! मला रात्रभर डोळा लागला नाही. पण मीही काही कमी नाही. मंगळवारी तेर्वाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते आणि लेखी दाखला घेते, की या कुत्र्याला भुंकताच येत नाही. तो दाखला आधी त्या मिशीवाल्याच्या नाकासमोर धरीन, मग नगरपालिकेच्या.

फोनचं म्हणशील, तर तो हल्ली नुसता खरखरतो. तेव्हा पत्रच बरं.

तुझी थोरली,
इर्या


थंडर बे,
२० एप्रिल

प्रिय हेल्वी,

माया. रेयोला सांभाळ. आधी हे पत्र बसून वाच आणि वाचून झाल्याशिवाय हसू नकोस. नंतर हवं तेवढं हस.

मंगळवारी गेले डॉक्टरांकडे. डॉक्टर ओडॉयर म्हणून तरुण मुलगी आहे. माझ्याकडे तोंड करून बोलते, त्यामुळे मला आवडते. तेर्वाला टेबलावर ठेवला, दात पाहिले, कान पाहिले, नखं वाढलीत म्हणून मला दटावलं. मी तिला सगळं सांगितलं: आवाज कसा गेला, मध कसा देते, शेजारी कसा खोटारडा. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत चाललं होतं. मला वाटलं झालं, घशात काहीतरी वाईट सापडलंय.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कोणीतरी मांजर घेऊन आलं. तेर्वाने दाराकडे तोंड केलं आणि त्याचं ते फुस्स फुस्स सुरू केलं. मी म्हटलं, "बघा! बघितलंत ना? असं करतो."

डॉक्टरने माझा हात हातात घेतला आणि तेर्वाच्या गळ्यावर ठेवला.

हेल्वी, गळा नव्हता तो, ढोल होता. माझ्या तळव्याखाली सगळं अंग हादरत होतं. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. त्याच्या छातीतून एकेक धक्का निघत होता आणि थेट माझ्या हाडात येत होता. मी डॉक्टरकडे बघितलं. तिची मदतनीस दारात उभी होती, आणि तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

"तो भुंकतोय, चांगला मोठ्याने," डॉक्टर हळूच म्हणाली. म्हणजे हळू म्हणाली की ओरडून, मला काय कळतंय? ओठ तरी तसे हलले.

मी तिथल्या खुर्चीवर बसले आणि हसत सुटले. आणि हसता हसता रडायला लागले. तेर्वा ठणठणीत आहे, हेल्वी. घशात गाठ नाही, काही नाही. दहा वर्षांचा असून फुप्फुसं तरण्या कुत्र्यासारखी आहेत म्हणाली. मी इतके दिवस मनात त्याचं मरण घेऊन फिरत होते आणि बिघडले होते ते माझे कान. एवढंच! खरं सांगते, पहिलं काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं.

आता कार्डाच्या त्या दोन ओळी. तू लिहिलंस, "रेयोच्या गाठीचं सांगितलं तेव्हा तू हसलीस. का, ते मला अजून कळलेलं नाही."

मला ऐकू आलं नव्हतं. फेब्रुवारीत तुझा फोन आला, तू खूप वेळ बोललीस. मला "रेयो" ऐकू आलं, "आठवडाभर" ऐकू आलं, आणि मला वाटलं, तुम्ही दोघं ऊन खायला फ्लोरिडाला निघालात. म्हणून मी हसले आणि म्हटलं, "मजा आहे बाई तुमची!" मग फोन बंद झाला. फोन खरखरत वगैरे नाही. तेही मी खोटंच लिहिलं.

तू म्हणशील, मग विचारलं का नाहीस? एकदा काय, दोनदा विचारावं. पण दोनदा विचारून झालेलं असतं, गं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग माणूस "हो, हो" म्हणायला लागतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून हसायचं की हळहळायचं ते ठरवतो. फोनला चेहरा नसतो.

आणि कान जाताहेत हे मला अगदीच कळत नव्हतं असंही नाही. इतकी वर्षं लाकडाच्या मिलमध्ये करवतीशेजारी उभी राहिले, काहीतरी होणारच होतं. पण मला आई आठवायची. शेवटी शेवटी सगळे जेवायच्या टेबलावर हसायचे आणि ती कोपऱ्यात बसून आपलीही मान डोलवायची. आपण तिच्या कानात ओरडायचो, "काही नाही आई, तुझ्या कामाचं नाही!" ते मला नको होतं. शिवाय भीती होती. बहिरी म्हातारी एकटी राहते म्हटलं की तू आणि रेयो गाडी घेऊन येणार आणि मला त्या वृद्धांच्या घरात नेऊन ठेवणार. तुमचा हेतू चांगलाच असणार. पण तिथे कुत्रा चालत नाही.

हे लिहून टाकलं. आता पुढचं ऐक, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

डॉक्टरांकडून आले, वेलचीचा पुल्ला भाजला आणि तो घेऊन रोको झानाट्टाच्या दारात गेले. बेकरीवाल्याला पाव नेणं म्हणजे शहाणपणच, पण रिकाम्या हाताने कसं जाणार? त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "माझा कुत्रा भुंकतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी बहिरी आहे, मला माहीत नव्हतं." पहिल्यांदाच हा शब्द तोंडातून काढला, तोही परक्या माणसासमोर. काही झालं नाही, हेल्वी. आभाळ कोसळलं नाही.

त्याने बोटांनी मिशी वर सारली, खरंच सांगते, ओठ दिसावेत म्हणून! आणि मोठ्याने म्हणाला, "अहो बाई, मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, तुम्ही माझी टिंगल करताय! या, आत या. हे वेलचीचं काय आहे?"

बसलो. कॉफी झाली. पुल्ल्यात लोणी कमी पडलंय असं त्याने मला माझ्याच तोंडावर सांगितलं. मी विचारलं, "तो नेमका भुंकतो तरी कधी?"

"कोणी तुमची घंटा वाजवली की. किटली शिटी मारायला लागली की, आणि ती तुमच्याकडे फारच वेळ मारते! पण सगळ्यात वाईट रविवारी दुपारी. तुमचा फोन वाजतो. भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं. फोन वाजतो, कुत्रा भुंकतो. फोन थांबतो, कुत्रा थांबतो. पुन्हा वाजतो. दर रविवारी! मी बायकोला म्हटलं, या बाईचं कोणाशी तरी मोठं भांडण आहे, मुद्दाम उचलत नाही."

मी कप खाली ठेवला.

म्हणजे तो बिचारा कपडे ओढायचा तो चिकटपणा नव्हता. मला फोनकडे नेत होता. आणि मी त्याला म्हणत होते, "सोड रे, फाटेल!"

हेल्वी, मला वाटलं तू रागाने फोन करणं सोडलंस. तुला वाटलं असेल, मी रागाने उचलणं सोडलं. रविवारी दुपारी मला फोन करणारं या जगात दुसरं कोण आहे? पण खात्री करून घेते. ती तूच ना?

उत्तराची वाट बघणारी,
इर्या


थंडर बे,
१८ मे

प्रिय हेल्वी,

तुम्हा दोघांना माया. तुझं पत्र आलं. "मीच, नाहीतर काय भूत? रेयो फोन हिसकावून घ्यायचा आणि म्हणायचा, वाजू दे गं, कधीतरी उचलेल." हे मी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग तेर्वाला वाचून दाखवलं. रेयोला माझ्याकडून घट्ट मिठी मार. आणि वृद्धांच्या घराबद्दल तू जे लिहिलंस, "तुला तिथे कोण ठेवून घेणार, दोन दिवसांत परत पाठवतील," त्याने जिवाला फार बरं वाटलं. अपमानही झाला, पण बरं जास्त वाटलं.

शुक्रवारी कानातली यंत्रं बसवली. दोन्ही कानांना, शेंगदाण्याएवढी. देवा रे, जग किती गोंगाटाचं झालंय! वर्तमानपत्र उलटलं तर छपराचा पत्रा उडाल्यासारखं वाटतं. फ्रिज गुरगुरतो. माझे गुडघे वाजतात. तेर्वा चालला की फरशीवर टकटक टकटक, घोडा आल्यासारखं, तेव्हा कळलं डॉक्टर नखांवरून का दटावत होती. त्याच दिवशी कापून आणली. आता महिन्याच्या महिन्याला कापायची, मीठ संपलं तरी पंजे धुवायचे, आणि जंगलातून आलो की गोचीड बघायला कानामागे बोटं फिरवायची. मध बंद केला, त्याचं पोट सुटलंय. रोज त्याचे दात घासते, तोही रोज माझं बोट चावतो. नगरपालिकेच्या माणसाला रोकोने स्वतः फोन केला आणि तक्रार मागे घेतली.

आणि गंमत बघ, तेर्वा आता फारसा भुंकतच नाही. किटली वाजली की एकदा हुफ करतो. मी उठले की गप्प. काम झालं म्हणायचं आणि जाऊन आडवं व्हायचं. झोपेत घोरतो, मिलमधल्या जुन्या करवतीसारखा. काल मी यंत्रं काढून न ठेवता तशीच त्याच्याजवळ बसून राहिले आणि ऐकत राहिले.

फोनवर अजून नीट जमत नाही, शब्द डब्यात घातल्यासारखे येतात. यंत्रं बसवणारी मुलगी म्हणाली, सवय होईल. पण तू फोन करू नकोस. तू ये. रेयोला घेऊन ये, वरची खोली झाडून ठेवलीय. फेब्रुवारीपासूनचा सगळा राग घेऊन ये. गाठीचं पहिल्यापासून सांग, दवाखान्यात कोण काय म्हणालं, रात्री तू एकटी काय काय विचार करत होतीस, सगळं. मला शिव्या दे. ओरडायची गरज नाही, आपल्या साध्या आवाजात दे. या वेळी एक शब्दही सुटणार नाही माझ्याकडून.

वाट बघते.

तुझी बहीण,
इर्या