धाकट्या पेटीला साहेबांची ऊब सोसत नाही

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त तो कागदावरच घातला आहे, गोड मानून घ्यावा).

तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या खोकल्याला उतार पडला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण पुढचं वाचून झालं की ते वाक्य तुम्ही मनातल्या मनात खोडावं. पत्र मामीला वाचून दाखवलंत तरी हरकत नाही. फक्त आमच्या साहेबांच्या देहाविषयी जिथे जिथे आलं आहे तिथे आवाज जरा खाली घ्या, कारण माणूस म्हणून ते फार चांगले आहेत.

मी दिवसभर नक्की करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. मी घाईत "वीज मोजतो" म्हणालो, आणि तुम्ही शेजारीपाजारी सांगितलंत की भाचा घरोघर मीटर वाचत फिरतो. तसं नाही, मामा. विजेचा दाब मोजणारी उपकरणं खरं बोलतात की थापा मारतात हे कुणीतरी तपासावं लागतं. त्या तपासणाऱ्या उपकरणांना तपासायला आणखी उपकरणं लागतात, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर आमच्या खोलीतल्या तीन पेट्या. प्रत्येक पेटीचं जन्मात एकच काम, दहा व्होल्ट देत बसणं. त्या कधी बंद करायच्या नाहीत, उगाच हलवायच्या नाहीत, आतून कायम कोमट ठेवायच्या. (इतकी बडदास्त माझी लहानपणी गोवर झाला तेव्हाही कुणी ठेवली नव्हती.) मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. साहेब क्रमांकाने बोलावतात, पण त्यात माया नाही.

रोज यांची आपसात तुलना करायची. दोघींना समोरासमोर जोडायचं, म्हणजे दोघींचा जोर एकमेकींवरच खर्ची पडतो, आणि मग जो फरक उरतो तेवढा मोजायचा. दोन तोलामोलाच्या विहिणी समोरासमोर बसवल्या की कोण किती वरचढ ते जसं लगेच कळतं, तसंच हे. फरक असतो तो व्होल्टच्या दहा लाखाव्या भागातला, त्यामुळे खोलीत कुणी शिंकलं तरी मी त्याच्याकडे रागाने बघतो. आणि यातली गंमत सांगू का, पेटी अगदी बरोबर असावी अशी कुणाची अपेक्षाच नसते. तिची चूक ठरलेली असली की पुरे. आपली मावशी कुठल्याही कार्याला तासभर उशिरा येते, आपण तिला तासभर आधीची वेळ सांगतो, कुणाचं काही अडत नाही. खरी पंचाईत काकांची, जे कधी वेळेआधी येऊन बसतात आणि कधी येतच नाहीत. आमच्या शास्त्रात मावशी उत्तम आणि काका भंगार. पेटीवर एक छोटा स्क्रू असतो, तो पिळून आकडा हवा तिथे आणता येतो, पण ते म्हणजे ताप उतरवायच्या ऐवजी थर्मामीटर झटकण्यासारखं आहे. मी तसलं पाप करत नाही.

तर मामा, आमच्या धाकटीचा मावशीतून काका व्हायला लागला आहे. महिनाभर झाला, दुपारी तिचा आकडा हळूच वर सरकतो आणि कधी उतरेल याचा नेम नाही. पुढच्या आठवड्यात वरून परीक्षक येणार आहेत. ते दोन दिवस बसून तिघींची तुलना स्वतः बघतील. धाकटी त्यांच्यासमोर अशी वागली तर ती भंगारात जाईल आणि मी तळघरात, जिथे वाण्यांचे तराजू तपासतात. बैठकीत छाती पुढे काढून "धाकटीची जबाबदारी माझी" असं मीच बोलून बसलो होतो. तिथे तेव्हा कुणी मला चिमटा काढला असता तर बरं झालं असतं.

मी शोध घ्यायला कमी केलं नाही. बॅटरी बदलली, तारा बदलल्या, तांब्याची टोकं घासूनपुसून लखलखीत केली. मग संशय खालच्या लाँड्रीवर गेला, कारण तिथली इस्त्री दुपारीच तापते. लाँड्रीवाल्याला हात जोडले की बाबा रे, एक दुपार इस्त्री बंद ठेव. तो भला माणूस, त्याने ठेवली, आणि त्या दुपारी ज्यांचे कपडे मिळाले नाहीत ती सगळी गिऱ्हाइकं वर माझ्याकडे पाठवून दिली. एका गृहस्थांना त्याच पँटवर मुलाखतीला जायचं होतं. त्यांची समजूत काढण्यात माझा घसा बसला, आणि धाकटी आपली वरच सरकलेली.

शेवटी एकदा लक्षात आलं की दुपारी साहेब खोलीत आले की आकडा चढतो. तुम्हाला कल्पना नाही, पण आमच्या जोडण्यांना नुसती ऊब लागली तरी धातूच्या सांध्यात चिमूटभर वीज आपोआप तयार होते. आता साहेबांचा देह (इथे आवाज खाली) उदंड आहे, आणि अंग नेहमी तापलेल्या तव्यासारखं. ते येतात, दोन्ही तळवे टेबलावर टेकतात, पुढे वाकतात आणि मायेने विचारतात, "काय म्हणते आमची तीन नंबर?" तीन नंबर काय म्हणणार, ती घामाघूम होते.

पण वरिष्ठांना तोंडावर कसं सांगायचं की तुमच्या देहाने मोजमाप बिघडतं? मी आधी त्यांची खुर्ची रोज थोडी थोडी मागे सरकवली. ती व्हरांड्यात पोचल्यावर त्यांनीच उचलून आत आणली. मग "कृपया अंतर ठेवा" अशी पाटी लावली. साहेब चष्मा विसरले होते, त्यामुळे ती वाचायला ते अगदी पेटीला नाक लागेपर्यंत आले. शेवटी मी स्वतःच मधे उभा राहू लागलो. साहेबांची चाहूल लागली की धाकटीला पाठ लावून, हात पसरून उभा, आणि ते जाईपर्यंत हलायचं नाही. ते गेल्यावर पुन्हा तिच्यापाशी वाकून बसायचं, आकडा उतरतोय का बघत. पाठ धरली ती यामुळे.

हे सगळं आमच्या पत्रव्यवहार बघणाऱ्या बाईंना बघवेना. त्या सरळ म्हणाल्या, "साहेब, तुमच्यामुळे पेटी तापते असं याचं म्हणणं आहे." मला वाटलं, आता तळघरच. दुसऱ्या दिवशी ते दारातूनच चौकशी करायला लागले, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र बायकोने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, ते गळ्यात ओला टॉवेल गुंडाळून, बर्फाचं पाणी पिऊन आले आणि म्हणाले, आता बघू. मी नेहमीप्रमाणे मधे उभा राहिलो. आकडा चढलाच. साहेबांनी टॉवेल पिळला आणि ते निघून गेले. इतकं करूनही माणसाची ऊब जात नसेल तर त्यात त्यांचा तरी काय दोष?

असो. मामीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटीपायी कमरेतून वाकलेला भाचा

ता. क. खरं म्हणजे एक काम होतं. तुमची वरची खोली रिकामीच आहे ना? परीक्षक येतील त्या दिवसांपुरतं साहेबांना तुमच्याकडे बोलावून घ्याल का? मी सुचवलं असं दिसू देऊ नका. बुद्धिबळाला जोडीदार मिळत नाही असं लिहा, ते लगेच निघतील. खेळतात वाईट, पण हरल्यावर रुसत नाहीत. शिवाय ओले कपडे त्यांच्या खोलीत टाकले तर झटकन वाळतील, हा तुमचाच फायदा.

आणखी एक ता. क. वरचं सगळं रद्द समजावं. पाकीट घेऊन पोस्टात गेलो तर तिकिटं संपलेली, म्हणून परत आलो. साहेब त्या दिवशी सर्दीने घरीच होते (बर्फाचं पाणी, दुसरं काय). तरी सकाळपासून धाकटी चढलेलीच होती. मी पोस्टातून येऊन बघतो तर बाई लांब आपल्या खुर्चीत बसून आकडा बघत होत्या आणि तो गाईसारखा गरीब झाला होता. मी जाऊन धाकटीपाशी बसलो आणि तो चढला. बाईंनी मला बाहेर घालवलं, तो उतरला. आत बोलावलं, चढला. माझी खात्री पटेपर्यंत त्यांनी मला उंबरठा ओलांडायला लावला, आणि माझी खात्री लवकर पटत नाही. महिनाभर काळजीपोटी तिच्या उरावर बसलो होतो तो मी, आणि साहेबांपासून वाचवायला तिला दिवसदिवस पाठ लावून उभा होतो तोही मीच. साहेब फोनवर आधी हसले, मग खोकले, मग हळूच म्हणाले, "परीक्षक जाईपर्यंत तू मामाकडे जाऊन ये, बाळ." रजा त्यांनी मी अर्ज करायच्या आधीच मंजूर केली. तेव्हा वरच्या खोलीत येणारा आता मी आहे. कालपासून मी बाहेर बाकावर बसतो आणि बाई दारातून आकडा सांगतात. माझ्यावाचून धाकटी अगदी स्थिर आहे. आनंदच आहे. मामीला सांगावं की मला जेवण जरा कमी जाईल, पण करताना मात्र नेहमीइतकंच करावं.