कुलूपबंद घरांचा धूर

गुरुवार, ४ डिसेंबर, वडवणी

जिल्ह्याच्या हवामान आराखड्यात प्रत्येक गावाचं धूर कमी करायचं उद्दिष्ट नव्याने ठरलंय. ग्रामसेवक म्हणून आज वस्तीवर चुली मोजायला गेलतो. निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेजारच्या सखूबाईंना विचारलं, "या घरांत किती चुली पेटतात?"

"आता इथं कुठल्या? चूल तिकडं उसाच्या फडावर पेटती, खोपीपुढं. तिथं जाऊन मोजा."

तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, "बंद घरापुढं शून्य लिहा. गावाचं उद्दिष्ट पूर्ण होतंय, बरंच हाय की."

लिहिलं. शून्याखाली शून्य, अख्खं पान. एका अंगणात चूल सारवून, वर परात पालथी घालून ठेवलेली. तिच्यापुढंही शून्य. हात थांबायला पाहिजे होता का? थांबला नाही. वाईटही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही. याचंच नवल वाटतंय.

आकडे पाठवले, संध्याकाळी साहेबांचा परत फोन. धूर कमी करण्यात आपलं गाव तालुक्यात पहिलं. पुढच्या आठवड्यात सत्कार आहे, त्या वस्तीवरची दहा माणसं घेऊन या.

मी "हो साहेब" म्हणालो. माणसं फडावरून गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात, हे बोललोच नाही.