शेषाच्या रेघा

४ फेब्रुवारी

वसुधाचा फोन! "मामा, अठराला येते. बाबांचं वर्षश्राद्ध उरकलं की घरचं काय ते ठरवून टाकू." काय ते ठरवून टाकू! भाची माझी, पण बोलते तहसीलदारीणबाईंसारखी.

ठरवण्यासारखं एकच आहे – त्या रेघा.

शेषा, वसुधाचा बाप, गेल्यावर बंद झाल्या होत्या. दिवाळीपासून वनजाने पुन्हा सुरू केल्या. रोज पहाटे लाल फरशीवर तांदळाच्या पिठाच्या आडव्या रेघा, पावलापावलावर एक, थेट न्हाणीघरापर्यंत. माझी बहीण शहाणी बाई, चौसष्ट वर्षांची. नवरा जाऊन वर्ष होत आलं आणि त्याच्या पायांसाठी रस्ता आखतेय! वसुधाच्या कानावर गेलेलं दिसतं. आईला उचलून बेंगळूरला नेणार – अकराव्या मजल्यावर. तिथे पिठाची रेघ कोण काढू देणार?

५ फेब्रुवारी

शेषा मला म्हणायचा, "कवी, माझ्या अंगात दोन खाती आहेत. हातांना नको तेव्हा काम, पायांना हवं तेव्हा सुट्टी." पार्किन्सन्सचं याहून सोपं वर्णन मला कुठल्या डॉक्टरकडून मिळालं नाही. चालता चालता उंबऱ्यात आला की पाय जागच्या जागी चिकटायचे. कुणीतरी सुचवलं, जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाय ती ओलांडायला आपोआप उचलला जातो. वनजाने दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा रेघा ओढल्या. आणि आमचे भावोजी चालले! वरातीतल्या घोड्यासारखे!

समोरच्या पद्मम्मा वाटीभर विरजण मागायला आल्या, त्यांनी पट्टे पाहिले. "हे कुठलं व्रत, वनजाक्षी?" वनजा तोंड उघडायच्या आत शेषा गंभीरपणे म्हणाला, "चरणगौरी. चाळीस दिवस. नवऱ्याचा राग उतरतो."

महिनाभरात गल्लीतल्या पाच घरांत पट्टे! पद्मम्मा तर शपथेवर सांगत, गुण आला म्हणून. येणारच. पीठ पुसलं तर बायको ओरडेल म्हणून त्यांचे यजमान खाली बघून चालायला लागले – रागवायला मान वर कोण करणार? शेषाने मरेपर्यंत कुणाला खरं सांगितलं नाही. वर व्रताच्या उद्यापनाला जोडप्याने बोलावणं आलं, तिथे जाऊन होळिगे, म्हणजे पुरणपोळ्याही खाऊन आला. दोन. तूप वेगळं मागून.

८ फेब्रुवारी

आज कोडुबळे, म्हणजे इकडची कडबोळी, केले वनजाने. खारट.

९ फेब्रुवारी

गोळी घेतल्यावर पाऊण तासाने शेषाचे हातपाय मोकळे व्हायचे, तीन तासांनी पुन्हा आखडायचे. घरात त्याला 'वीज येणे' म्हणत. "बाबा, वीज आहे का?" – वसुधा कॉलेजातून येताच दारातूनच विचारायची. असली की आधी तो तिच्या वेणीत मोगरा माळणार. स्वतःच्या गुंड्या लावायला वनजा लागायची, पण लेकीचा गजरा त्यानेच माळायचा! कधी कधी मधेच वीज जायची. मग बाप वेणी धरून उभा, मुलगी मान वाकडी करून उभी, आणि दोघं हसतायत. वनजा आतून ओरडायची, "दोघांनाही देवघरात नेऊन ठेवू का?"

मी दारात बसून बघायचो. मला बायको नाही, मूल नाही. संसार मी त्याचाच पाहिला, फुकट तिकिटावर.

१० फेब्रुवारी

देवराज मार्केटची आठवण. कविता चालीवर म्हटली तर पाय चालतात, असा शोध मीच लावला होता. पाचवीच्या पुस्तकात पोपटाची एक कविता होती. शेषा आणि मी एकाच बाकावरचे. तो दर वर्षी कवितेला नापास, मी पहिला. आणि म्हातारपणी त्याचा हात धरून मी तीच म्हणतोय आणि तो ठेक्यावर चालतोय – केळीची पानं, विड्याची पानं, सगळं पार झालं. रस्ता ओलांडताना मधोमध मला तिसऱ्या कडव्याची ओळ आठवेना! शेषा जागच्या जागी थांबला. समोरून बस.

"कवी! पोपट पुढे काय म्हणाला?"

"आठवत नाही रे!"

"अरे, पहिला नंबर आला होता ना तुझा? बस येतेय!"

शेवटी बसचा ड्रायव्हरच उतरला. त्याला तीच कविता होती शाळेत. आम्हा दोघांना पलीकडे पोचवून चौथं कडवंही ऐकवून गेला. असे ड्रायव्हर आता नाहीत. अशा कविताही नाहीत.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. वनजा इथून गेली तर या घरात मी कुणाशी भांडू?

१३ फेब्रुवारी

वसुधाच्या लग्नात धारेची वेळ आली. वधूवरांच्या हातांवर बापाने दूध-पाण्याची धार धरायची – शेषाच्या हाताने! व्याही हळूच म्हणाले, मामांनी धरली तरी चालेल. शेषा म्हणाला, "मामांनी कविता म्हणावी. मुलगी माझी आहे."

धरली. थोडी हातांवर पडली. बाकीची भटजींच्या चष्म्यावर, व्याह्यांच्या जरीच्या उपरण्यावर, फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यावर. शेषा म्हणाला, "ज्याच्या अंगावर उडाली त्याला कन्यादानाचं पुण्य सारखंच. रांगेत या!" आणि खरंच दोन म्हाताऱ्या उठून पुढे आल्या हो!

वसुधा हसत होती की रडत होती, अजून कळलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

युक्ती सुचली. वसुधा असेपर्यंत रेघाच नकोत! फरशी कोरी दिसली की तक्रारीला जागा उरत नाही. वनजाला कॉफीच्या वेळी सांगितलं.

तिने हातातला पेला खाली ठेवला. "अण्णा, हे कुणासाठी म्हणतोयस?"

"तुझ्यासाठी! तुला नेतील ना गं!"

"मला?" ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं. "बरं. नाही काढत. पण मग सकाळी मी हाक मारेपर्यंत अंथरुणातून उठू नकोस."

भावाला उशिरापर्यंत लोळायची परवानगी! बहीण असावी तर अशी.

१८ फेब्रुवारी

वसुधा आली. वाळली आहे. स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबूज. मी गेलो की विषय साराच्या फोडणीवर. "मामा, तुम्ही बसा हो." म्हणजे बेत माझ्यापासून लपवतायत. रेघांचं मी एक अक्षर काढलं नाही.

१९ फेब्रुवारी

श्राद्ध झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. वनजा म्हणाली, "भूक सहन कधी झाली त्यांना?" सगळे हसले.

२० फेब्रुवारी

पहाटेच जाग आली. हाकेची वाट कोण बघतो? खोलीचं दार उघडलं – फरशी लखलखीत, कोरी. एकही रेघ नाही. जिंकलो! वसुधाला दाखवावं म्हणून निघालो आणि उंबऱ्यात पाय राहिले. दोन्ही. ढकलतोय, हलत नाहीत. किती वेळ उभा होतो कोण जाणे.

वसुधा समोर आली. दचकली नाही. आत वळून म्हणाली, "आई, दिवाळीपासून सांगत होतीस ते खरं गं."

वनजा पिठाचा डबा घेऊन आली, गुडघे धरून खाली बसली, माझ्या अंगठ्यापुढे रेघ ओढली.

"डावा आधी, अण्णा."