कुंकू लावलेली डिस्क

कोल्हापूर,
२४ सप्टेंबर २०२५

चि. सयाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आसामला नोकरीवर निघायच्या आदल्या दिवशी तू घरामागच्या परड्यात बसून आईला टेपरेकॉर्डर शिकवत होतास, आठवतं का रे? तिला लिहिता येत नव्हतं. तिनं कॅसेटवर बोलायचं आणि मी ती टपालात टाकायची, असं आपलं ठरलं होतं. तू लाल बटण दाबलंस, तर आईनं आधी डोक्यावर पदर घेतला. मग शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं ओरडून विचारलं, की जेवलास काय. तू समोरच बसला होतास, तिच्याच हातची भाकरी खात. मी शेंगा फोडत होते.

आज ते आठवायचं कारण म्हणजे देवघराशेजारी तू बसवून दिलेली ती सिनेमे-गाणी साठवायची पेटी सकाळपासून टीं टीं करते आहे. तिच्या दोन दिव्यांपैकी डावा तांबडा झालाय. तेजस्वी म्हणते, आई, तुमच्या सिनेमांना कंटाळली असेल ती. सूनच ती, बोलणारच. पण मला सिनेमांची काळजी नाही. आईच्या कॅसेट तू त्या पेटीत उतरवल्यास आणि मूळच्या बुरशी लागून गेल्या. आता आई आहे ती तिथंच.

तुझ्यासारख्या टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या माणसाला फोन ऐकू येऊ नये, आणि घरातलं बोलणं परक्या कंपनीच्या दारात ठेवायचं नाही म्हणून त्यानं व्हॉट्सअ‍ॅपही घेऊ नये! म्हणून हे पत्र आमच्या गल्लीतल्या चन्नाप्पा ड्रायव्हरजवळ देते. गडहिंग्लजची एसटी सध्या त्याच्याकडेच आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

शालूला आशीर्वाद. तू चिडशील तेवढा चीड, पण लवकर लिही.

तुझी,
आक्का


गडहिंग्लज,
२६ सप्टेंबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

चिडलो नाही, घाबरलो. आधी समजून घे. पेटीत दोन डिस्क आहेत आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असते. एक गेली तरी दुसरी असते, म्हणून तर जोडी. तुझी डावी चालली आहे. आता सगळा भार उजवीवर आहे. नवी डिस्क मागवलीय, तुझ्या पत्त्यावर येईल. ती आली की पेटी बंद कर, डावी बाहेर काढ, तिच्या जागी नवी सरकव आणि पेटी चालू कर. उजवीवरून नव्या डिस्कवर आपोआप नक्कल होईल. घोटाळा नको म्हणून डावीवर आत्ताच काहीतरी खूण करून ठेव.

दुसरं असं, की कानाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. नऊ ऑक्टोबर, मिरजेला. कानात तार बसवतील आणि दिवाळीनंतर यंत्र सुरू करतील. डॉक्टरांनी लिहून दाखवलं, की सुरुवातीला सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतील, मेंदूला परत शिकवावं लागेल, म्हणून ज्याचे शब्द पाठ आहेत असा लहानपणापासूनचा आवाज रोज ऐकायचा. असा आवाज आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे की, कोल्हापुरात आहे.

शालू म्हणते, ह्यांना माझा आवाज नको म्हणूनच ऑपरेशन इतकी वर्षं लांबवलं. तिला तसंच वाटू दे.

सांभाळून कर. तुझी माया आहेच, तिच्याबरोबर थोडं लक्षही असू दे.

तुझा,
सयाजी


कोल्हापूर,
४ ऑक्टोबर

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काम झालं, पण मनासारखं झालं नाही. सगळं सांगते, मध्येच ओरडू नकोस.

तू खूण करायला सांगितलीस, देवघरात हाताशी कुंकू होतं, तेव्हा डावीवर कुंकवाचं बोट लावलं. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पाटावर मांडतो, तशी विळी, यांचा पाना, तेजस्वीचा लॅपटॉप आणि तुझी पेटीही मांडली. दोन्ही डिस्क बाहेर काढून, कुंकू तेवढं राखून, पुसल्या. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. दसऱ्यासाठी आमच्या जाऊबाई, बाळाबाई, आल्या होत्या. त्यांचा हात पूजेत सढळ, तुला माहीतच आहे. बाहेर येते तो दोन्ही डिस्कवर कुंकू! मी म्हटलं, अहो हे काय केलंत? तर म्हणाल्या, जोडीतल्या एकीला कुंकू लावायचं आन् दुसरीला तसंच पांढऱ्या कपाळानं ठेवायचं व्हय गं? सणासुदीचं?

मग जिच्यावर कुंकू जास्त वाळलेलं दिसलं ती बिघडलेली, असं धरलं. नवी डिस्क काल आली. ती दुसरीबरोबर बसवली. पण नक्कल होता होता अडकते आणि आईचा फोल्डर उघडत नाही. तेजस्वी म्हणते, वेळ लागत असेल. काढलेली डिस्क काल बाळाबाईंचा उदयसिंह घेऊन गेला. त्याच्या जोतिबावरच्या नारळ-गुलालाच्या दुकानात कॅमेरे आहेत, त्यांच्या रेकॉर्डिंगला चालेल म्हणाला. चांगली वस्तू कशाला टाकायची?

माझा जीव थाऱ्यावर नाही. लगेच लिही.

तुझी,
आक्का


गडहिंग्लज,
५ ऑक्टोबर, सकाळी

ती. आक्कास सा. न.

शालूचाही फोन दुरुस्तीला गेलाय, म्हणून चन्नाप्पाची एसटी दारात थांबवून लिहितोय. लोक शिव्या देताहेत म्हणे, मला ऐकू येत नाही हे बरं.

पेटी बंद कर. आतल्या जुन्या डिस्कवर चिकटवलेली चिठ्ठी ओल्या फडक्यानं पूस आणि नंबर बघ. माझ्या वहीत डावीचा शेवटचा आकडा चार आहे, उजवीचा सात. पेटीत सात असेल तर देव पावला. चार असेल तर बिघडलेली आपल्याकडे राहिली आणि चांगली जोतिबाला गेली. कॅमेऱ्याच्या यंत्रात डिस्क घातली की ते आधी ती कोरी करून घेतं. मग मीच काय, कुणीच आईला परत आणू शकणार नाही.

उदयसिंहला गाठ.

सयाजी


कोल्हापूर,
६ ऑक्टोबर

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

चार होता.

फडकं हातातच राहिलं रे. तेजस्वीनं माझ्या हातून डिस्क काढून घेतली आणि उदयसिंहला फोन लावत सुटली. पण काल रविवार, जोतिबाचा वार. डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, तिथं तो फोन कुठला घेतोय! शेवटी तिनं गाडी काढली. घाटात मोटारींची रांग लागली होती. मी लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना म्हणत होते आणि मधूनच जोतिबाच्या नावानं चांगभलंही म्हणत होते. तेजस्वी म्हणाली, आई, कुणीतरी एकच पकडा, दोघांत भांडणं लागतील.

गाडी खाली ठेवून पायऱ्या चढलो. दुकानात कॅमेरेवाला शिडीवर उभा होता. त्याच्या पुढ्यातल्या यंत्राचं झाकण उघडलेलं, आत डिस्क नव्हती. मला वाटलं, घातली आणि कोरी करून काढलीही. मी मटकन नारळाच्या पोत्यावर बसले. उदयसिंह धावत आला, की काकू, चक्कर आली काय, पाणी देऊ काय. डिस्क कुठाय एवढंच मी विचारलं. तर हसायलाच लागला. म्हणाला, एवढ्यासाठी डोंगर चढून आलासा व्हय? रविवारी गिऱ्हाईक सोडून कोण कॅमेरे बंद करतंय? आता गर्दी उतरली म्हणून बसवायला घेतली हुती. आणि गुलालाच्या पोत्यामागून त्यानं ती काढून दिली. कुंकू कुठलं नि गुलाल कुठला, काही कळत नव्हतं. मी तिथंच पदरानं चिठ्ठी पुसली. सात.

घरी येऊन तू सांगितल्याप्रमाणे सातची डिस्क घातली, चारची काढली. नक्कल आता सुरळीत चालली आहे. फोल्डर उघडला. अजून ऐकलं नाही, धीर होत नाही. तू आधी ऑपरेशन करून घे. भिऊ नकोस.

तुझी,
आक्का


गडहिंग्लज,
७ ऑक्टोबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र शालूनं मला दोनदा वाचायला दिलं. तिलाच मला दुसऱ्यांदा हसताना बघायचं होतं.

उद्या मिरजेला निघतो. एक मागणं आहे. ऑपरेशन होऊनही काही जणांना शब्द लागत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तसं झालं, तर आई काय म्हणायची ते मला वाचता तरी यावं. त्या कॅसेट ऐकून लिहून ठेवशील? तुझं अक्षर सिस्टरांनी घडवलेलं, चटकन वाचता येईल मला.

बाकी काही नाही. असशील तशी अस.

तुझा,
सयाजी


कोल्हापूर,
१६ ऑक्टोबर

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

ऑपरेशन नीट झालं, डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी आहे, असं शालूनं कळवलं. फेटा शोभतो म्हणे.

मी सगळ्या कॅसेट ऐकल्या. खोकला, मागे म्हशीचं हंबरणं, मधूनच माझ्यावर ओरडणं, सगळं जसंच्या तसं आहे. ऐकताना मीही नकळत डोक्यावर पदर घेतला. तेजस्वीनं पाहिलं आणि आवाज थोडा वाढवून दिला.

तू म्हणालास तसं लिहून काढलं, वही सोबत पाठवते. फक्त एक कॅसेट लिहिली नाही आणि लिहिणारही नाही. तुला डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला होता, त्याबरोबरची. वरचा थर साहेबाला दे, मधला खोलीतल्या पोरांना दे, इथवर मला माहीत होतं. डबा मीच बांधला होता. पण तळाशी काय होतं आणि ते कुणाला सांगू नको, आक्काला तर मुळीच नको, म्हणून आई तुला बजावत होती, ते मला आत्ता कळलं. चाळीस वर्षं गप्प बसलास, लबाडा! पुढचं तिच्याच तोंडून ऐक. लिहून दिलं तर तू वाचूनच भागवशील.

आता नीट लक्ष दे. एक प्रत इथं पेटीत राहील, जोडीनं. एक तेजस्वीच्या माहेरी कबनूरला ठेवते, घरात पाणी आलं, चोर आला तरी असावी म्हणून. उदयसिंहला नवी डिस्क घेऊन दिली. बिघडलेली बाळाबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, टाकू नगं, कुंकू लागलंय तिला. म्हणून ती देवघरातच ठेवली आहे.

चन्नाप्पाबरोबर फराळाचा डबा येतोय. वरच्या थरातल्या करंज्या मिरजेच्या नर्सबाईंना द्यायच्या. मधला चिवडा शालूचा, त्यात हात घालायचा नाहीस. तळाशी पंच्यात गुंडाळलेली, आईच्या आवाजाची छोटी डिस्क आहे. ती फक्त तुझी. कुणाला सांगू नकोस, आक्काला तर मुळीच नाही.

तुझी,
आक्का