पाव फेरा

सोमवार, ५ जून. सकाळी ७.
लेकीला नोकरी लागली. रविवारी तिला नव्या शहरात गाडीने सोडायला मी जाणार. पाच तासांचा रस्ता, आम्ही दोघंच. त्याआधी इंजिन ऑइल बदलायचं. तळाचा एक बोल्ट काढायचा, जुनं ऑइल घमेल्यात सोडायचं, नवं ओतायचं. अर्ध्या तासाचं काम.

सायंकाळी ६.
बोल्ट जाम. ढिम्म हलत नाही. बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलवा. मी म्हटलं, ही गाडी माझ्याइतकी कोणी ओळखत नाही.

मंगळवार, ६ जून.
गंज सुटायचा स्प्रे मारला. निम्मा माझ्याच डोळ्यात.
मग पडल्या पडल्या चूक सापडली. मी उताणा, बोल्ट माझ्या वर. म्हणजे दिशा उलटी होणार. कालपासून मी चुकीच्या बाजूला जोर लावत होतो! दुसऱ्या बाजूने लावला आणि हलला. चांगला पाव फेरा. नुसती ताकद असून भागत नाही.
लेक टॉर्च धरून उभी होती. आवळला तर जात नाहीये ना, असं तिने विचारलं. शांतपणे समजावलं. इंजिनीअर झाली तरी लहानच आहे.

गुरुवार, ८ जून.
आणखी अर्धा पाव. आता फार घट्ट लागतोय. निघायच्या आधी असंच होत असणार. हाताची सालटी निघाली. कंबर गेली. लेक दोनदा चहाला बोलवायला आली. म्हटलं, रविवारी पाच तास बोलायचंच आहे.

शुक्रवार, ९ जून.
पान्ह्याला लांब पाइप लावला. कट् आवाज आला. बोल्ट आता दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो. काम जवळजवळ झालंच म्हणायचं. बाहेर तेवढा येत नाही. ऑइल ठिबकतंय.

शनिवार, १० जून.
बायकोने मेकॅनिकला परस्पर फोन केला. त्याने वाकून पाहिलं आणि एवढा कोणी आवळला म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधीच्या गॅरेजवाल्याने. मेकॅनिक म्हणाला, बोल्टचे आटे गेलेत, खालचं अख्खं ऑइलचं भांडं बदलावं लागेल. सामान मंगळवारी येईल.

रविवार, ११ जून.
लेक सकाळच्या बसने गेली. माझी कंबर धरलेली, त्यामुळे बॅगाही तिनेच चढवल्या. खिडकीतून म्हणाली, बाबा, बोल्ट आवळला जातोय हे मला मंगळवारीच कळलं होतं, पण तुम्ही इतके खूश होतात.
तिला वाटेत काय काय सांगायचं ते आठवडाभर गाडीखाली पडून ठरवलं होतं. बस सुटायला दोन मिनिटं होती. पोचलीस की फोन कर, एवढंच म्हणालो.