अर्धा किलो सुका आवळा

अंबरपेठ, हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२५

चि. सारंग,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत.

सोबतच्या डब्यात अर्धा किलो सुका आवळा आहे. त्याला चार किलो ताजा आवळा लागला, मीठ लागलं आणि तुझ्या वहिनीची कंबर लागली. चारुलतानं डोहाळ्यांत मागितला होता, तेव्हा सीझन नव्हता. आता पाठवावा की नाही, कळेना. वहिनी म्हणाली, "पाठवा."

तू सांगितलेला ट्रे-ड्रायर अखेर घेतला. गच्चीवर उन्हात माल काळा पडायचा, आता रंग राहतो. आधी वाफवून घेतो. जास्त वाफवला तर चव पाण्यात जाते, कमी पडला तर फोडी सुटत नाहीत. ओल मोजायचं मशीन मात्र घेतलं नाही. मूठभर फोडी स्टीलच्या ताटात टाकायच्या, आवाज सांगतो सुकला की नाही. काचीगुडा स्टेशनबाहेर पुड्या विकायचो तेव्हापासून या कानांवर धंदा उभा केलाय, तुला माहीतच आहे.

तरी मागच्या महिन्यात बेगमबाजारातून पोतं परत आलं. दुकानदार अगदी कानाशी येऊन म्हणाला, "सेठ, ऊपर से पत्थर, अंदर से गीला! अब आराम करो ना." आच जास्त ठेवली होती. वरची साल कडक झाली आणि पाणी आतच कोंडलं. दोष ड्रायरचा, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण कामावरची यादम्मा तेव्हाच ओरडली होती म्हणे, "शेठ, थपथप वाजतंय, भरू नका!" दोनदा ओरडली. मी पोतं शिवून टाकलं. हे मला वहिनीनं नंतर समोर उभं राहून सांगितलं.

आता तुझ्या डिसेंबरातल्या फोनचं.

चारुलताचे दिवस भरत आले होते, तुझा नंबर दिसला, मी गोड बातमीच धरून चाललो. तू बोलत होतास आणि मी म्हणत होतो, "वा! देवाची कृपा! पेढे मी पाठवतो." हसलोसुद्धा. तू फोन ठेवलास. मी वहिनीला म्हणालो, "बाई, काकू झालीस!" तिनं आनंदानं चारुलताच्या आईला फोन लावला. मग ती मोबाइल हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघेना.

बाळ पोटातच गेल्याचं तू सगळ्यांत आधी मला सांगत होतास, सारंग. वडिलांच्या जागी मला मानून.

पुण्यातल्या आपल्या मेधाला मेसेज केला, काकाला जाऊन म्हण, लाइन खराब होती. तिनं उलट लिहिलं, "बाबा, हे काकाला नका सांगायला लावू." तरी लावलं. तू फक्त "बरं" म्हणालास.

या वेळी यादम्मानं ताट वाजवून बघितलंय, फोडी नीट सुकल्यात. चारुलताला डबा उघडायचा नसेल तर राहू दे. तू रागव, पण येऊन रागव. माझ्या समोर बस, तोंड माझ्याकडे कर आणि त्या दिवशी काय सांगत होतास ते पहिल्यापासून सांग.

लाइन खराब नव्हती. मला ऐकू येत नाही.

तुझा
दादा